मधल्या पानांतला कुत्रा

१

वरची पिन तांबूस होती आणि खालची चकचकीत.

ऑगस्टा कोलारने चष्मा कपाळावर सरकवला, काचपेटीला नाक टेकेल इतकी वाकली आणि पुन्हा पाहिलं. एकोणीसशे चाळीस सालच्या चित्रमासिकाच्या कण्यावर दोन पिना असतात. दोन्ही एकाच दिवशी, एकाच यंत्राने मारलेल्या. दोघींनी जन्मभर सरोवराकाठची तीच दमट हवा खाल्लेली. त्यांतली एक गंजून विटकरी व्हावी आणि दुसरी कालच दुकानातून आणल्यासारखी चमकावी, हे काही रसायनशास्त्राला धरून नव्हतं. ऑगस्टाची सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेली होती. लोखंड कुणाची भीड ठेवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"अँब्रोझ, ही पेटी कुणी उघडली होती?"

प्लम स्ट्रीट कॉमिक्स या छोट्या प्रकाशनाचा मालक अँब्रोझ गिडली दारात उभा होता. कोटाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत. बाहेर थंडी आहे म्हणून कोट घालावा, की खोलीत हीटर आहे म्हणून काढावा, याचा विचार तो सकाळपासून करत होता.

"पेटी? छे. म्हणजे, किल्ली खिळ्यालाच असते. कुणीही उघडेल. पण कोण कशाला उघडेल?"

"उघडून बघू?"

"बघू," अँब्रोझ म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द निघाला, की त्याचा अर्थ 'हो' असतो की 'नाही', हे प्लम स्ट्रीट कॉमिक्समध्ये आजवर कुणाला कळलं नव्हतं. ऑगस्टाने 'हो' असा धरला.

तिने सुती हातमोजे चढवले, काच उचलली आणि मासिक हिरव्या कापडावर अलगद उघडलं. पानं पिवळी, कडा तपकिरी, वास जुन्या कपाटाचा. प्रत तीच होती, बदललेली नव्हती. ती एकेक पान उलटत मध्यावर आली आणि थांबली.

डॉक्टर बॅरोमीटर पडक्या दीपगृहाच्या कड्यावरून घसरत होता. पुढच्या पानावर तो थेट पोलिसांशी हस्तांदोलन करत होता.

मधला अख्खा कागद नव्हता. चार पानं. आणि त्या चार पानांबरोबर कुत्राही गेला होता.

२

हा कुत्रा कोण, हे समजायला आधी डॉक्टर समजला पाहिजे.

डॉक्टर बॅरोमीटर हा क्लीव्हलंडमध्येच जन्मलेला महानायक. पिवळाधमक घट्ट पोशाख, छातीवर थरथरता काटा. हवेचा दाब वाढवून गुंडांना भिंतीला चिकटवणं हा त्याचा धंदा. त्याला जन्म देणारी इथली छोटी कंपनी बुडाली. तिचं चंबूगबाळं न्यूयॉर्कच्या ग्रँड मेरिडियन कंपनीने विकत घेतलं, आणि अठ्ठावीस वर्षं झाल्यावर जुन्या अंकांच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायला ती साफ विसरली. झालं, चाळीस सालचा डॉक्टर सगळ्या जगाचा झाला. पण साठच्या दशकात कंपनीने त्याच्या अंगावर जे जे चढवलं होतं, म्हणजे हिरवे हातमोजे, धुकं सोडणारी शिटी वगैरे, ते अजून तिचंच. शिवाय मुखपृष्ठावर त्याच्या नावाचं शीर्षक टाकायची सोय नाही, कारण त्या नावाची मासिकं कंपनी आजही विकते. ते नाव म्हणजे तिचा ट्रेडमार्क. थोडक्यात, माणूस मोकळा, त्याचे नवे कपडे दुसऱ्याचे, आणि दारावर त्याच्या नावाची पाटी लावायची नाही.

या असल्या बाबाला घेऊन चित्रकार ओडेसा प्रूइटने प्लम स्ट्रीटसाठी तीन वर्षं खपून एक चित्रकथेचं पुस्तक रेखाटलं होतं. आणि ऑगस्टाचं काम, पुस्तकातली रेघ न् रेघ चाळीस सालच्या अंकाशी ताडून पाहायची. पट्ट्याला चौथं बटण दिसलं, की ऑगस्टा ते खोडायला लावी.

"तीन बटणांनी त्याची विजार पडेल हो, बाई!" ओडेसा ओरडे.

"पडू दे. चाळीस साली पडत नव्हती, आताही पडणार नाही."

कुत्रा त्या पहिल्या अंकातलाच. नाव स्क्वॉल. पांढराशुभ्र, आणि वारा असेल त्या दिशेला आपोआप वळणारी शेपटी. मधल्या चार पानांत तो कुठूनसा धावत येतो, कड्यावरून घसरणाऱ्या डॉक्टरला दातांत धरून वर ओढतो आणि त्यानंतर कधीच दिसत नाही. ना त्या अंकात, ना चाळीस-एक्केचाळीसच्या कुठल्याही अंकात. ओडेसाचं अख्खं पुस्तक याच एका प्रश्नावर उभं होतं: जीव वाचवणारा तो कुत्रा गेला कुठे? तिच्या पुस्तकात म्हातारा झालेला डॉक्टर आपल्या कुत्र्याला शोधत फिरतो. वाचताना ऑगस्टाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आज दुपारी कंपनीचे वकील मिस्टर ब्रँडनर मूळ प्रत बघायला येणार होते. त्यांच्या कंपनीकडेच चाळीस सालची प्रत नव्हती. कुत्रा चाळीस सालचा आहे एवढं त्यांना दाखवलं, की सोमवारी पुस्तक छापायला जाणार. नाही दाखवता आलं, तर तीन वर्षं पाण्यात.

"आता चोरीच झाली म्हटल्यावर," अँब्रोझ हलक्या आवाजात म्हणाला, "आजची भेट पुढे ढकलावी का? बघू."

ऑगस्टा उत्तर द्यायच्या बेतात होती, तेवढ्यात हिरव्या कापडाच्या सुरकुतीत काहीतरी लुकलुकलं. तिने चिमट्याने ते उचललं. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा लोखंडाचा तुकडा. जुन्या पिनचा मोडका पाय.

तिने तो भिंगाखाली धरला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

३

ओडेसाला बातमी कळली तेव्हा तिने हातातला ब्रश भिंतीवर फेकला. ती कुठलाही निर्णय एवढ्याच वेळात घ्यायची.

"तो वकील! मंगळवारी आला होता ना इथे? अँब्रोझ त्याच्यासाठी कॉफी करायला आत गेला, तेवढ्यात मारली असणार पानं. कोट बघितलात त्याचा? आत घोडा मावेल."

"कॉफीला किती वेळ लागला?"

"लागणार किती? तयारच होती, ओतून आणायची. पण साखर द्यावी का नाही यावर अँब्रोझ दारात घुटमळत होता, ते मी ऐकलं."

"दारात म्हणजे वकिलाच्या समोरच की." ऑगस्टाने खुर्ची ओढली. "ती मधली पानं तू स्कॅन करून पडद्यावर घेतली आहेस ना? दाखव."

"शंभरदा पाहिलीत की तुम्ही."

"मी चित्रं पाहिली. तू चौकटी कापून मला द्यायचीस. आता अख्खी पानं दाखव, कडांसकट."

ओडेसाने कुरकुरत पानं उघडली. स्क्वॉल हवेत झेपावलेला. स्क्वॉलची शेपटी ईशान्येला. स्क्वॉलच्या दातांत डॉक्टरची पिवळी मान. ओडेसाचा आवाज मऊ झाला.

"बघा ना, बाई, डोळे कसे आहेत. चित्रकाराने बाकीचा अंक घाईघाईत उरकलाय, हात बघा, नुसते केळ्यांचे घड. पण कुत्रा मात्र काय जीव ओतून काढलाय! जणू दुसऱ्याच माणसाने."

"हं," ऑगस्टा म्हणाली. ती कुत्र्याकडे बघतच नव्हती. पान मधोमध जिथे दुमडतं तिथली पिनची दोन भोकं ती बघत होती. मग तिने मागचं-पुढचं पान मागून घेतलं आणि त्यांचीही भोकं बघितली.

शेवटी तळाकडे वळली. पानाच्या पायथ्याशी एक जाहिरात होती. खाज सुटणारी पावडर, मित्रांची फजिती करा, शेजाऱ्यांना नाचवा! पैसे पाठवा: पोस्ट बॉक्स ८८, टोलीडो, ओहायो ४३६०१.

"मागवायचीय का?" ओडेसाने विचारलं. "वकिलाच्या कोटात टाकू."

ऑगस्टाने हसायला हवं होतं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठून आपला स्कार्फ गुंडाळू लागली.

"कुठे चाललात?"

"काझिमिरकडे. एका लग्नाची चौकशी करायची आहे."

४

काझिमिर व्होय्तासच्या दुकानात खायचं काही नेलेलं त्याला खपत नसे. बाहेर पायरीवर त्याने स्वतः आणलेल्या पोंचकींचा, म्हणजे पोलिश गोड डोनटांचा, खोका ठेवलेला असे. ज्याला खायचंय त्याने बर्फात उभं राहून खावं, बोटं धुवावीत आणि मग आत यावं. जुन्या अंकांचा हा वैद्य. फाटलेले कणे शिवणं, सुटलेली पानं बसवणं, डाग घालवणं, सगळं एका दिव्याखाली.

"अँब्रोझची ती प्रत तुझ्याकडूनच आली ना, काझ?"

"माझ्याकडून. मला एका न्हाव्याच्या पोरीने आणून दिली, बाप गेल्यावर. का गं, काय झालं?"

"मधला कागद गेला."

काझिमिरने हातातला कुंचला खाली ठेवला आणि छातीवर क्रूस काढला. "कुणी काढला?"

"मला वाटलं, तू सांगशील. पिना उघडायचं काम तुझं."

"माझं?" म्हातारा लाल झाला. त्याने फळीवरची एक बरणी तिच्यापुढे आदळली. आत मूठभर गंजलेल्या पिना. "हे बघ! चाळीस सालच्या पिना चाळीस सालच्या अंकांना, पन्नासच्या पन्नासच्या अंकांना. मेलेल्या अंकांतून काढून ठेवतो. जुनी पिन मोडली तर मी जुनीच लावतो, त्याच भोकातून, त्याच वळणाने. तुमच्या त्या पेटीत काय लावलंय?"

"नवी. चकचकीत."

"मग माझं नाव घेऊ नकोस. नवी पिन लावण्यापेक्षा मी दुकान जाळीन."

ऑगस्टाला हे पटलं. माणूस खोटं बोलेल, पण सवय खोटं बोलत नाही. "बरं, आता लग्नाचं सांग. त्या प्रतीचं लग्न लागलं होतं का?"

काझिमिरने बरणी पुन्हा फळीवर ठेवली. त्यांच्या धंद्यात ही रीत होती: एका प्रतीचं पोट गेलेलं, दुसरीचं आवरण गेलेलं, तर दोघींचं लग्न लावून एक धड प्रत करायची. विकताना सांगायचं, एवढंच. सगळेच सांगतात असं नाही.

"मी नाही लावलं," तो सावकाश म्हणाला. "माझ्याकडे आली तेव्हा ती लग्न होऊनच आली असावी. मधला कागद बोटभर अरुंद होता. मी म्हटलं, कुणीतरी कडा छाटल्यात. विकताना अँब्रोझला सांगितलं, बाबा, मधलं पोट बहुतेक सोयरिकीतलं आहे, एकदा नीट बघून घे."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? 'बघू' म्हणाला."

"आणि सोयरीक कुठल्या सालची, हे तू पाहिलंस?"

"पाहायचं काय त्यात? चाळीस सालच्या नवऱ्याला चाळीस सालचीच—" काझिमिरचं तोंड उघडंच राहिलं. त्याने कोट ओढला. "थांब. मी येतो."

५

ते दोघं पोचले तेव्हा मिस्टर ब्रँडनर रिकाम्या पेटीसमोर बसून नाक शिंकरत होते. न्यूयॉर्कहून येताना त्यांना सर्दीने गाठलं होतं. उंच, सडपातळ आणि इतका सभ्य माणूस, की त्यांच्यावर ओरडताना ओडेसाला स्वतःचीच लाज वाटत होती, तरी ती ओरडत होती.

"कोट उघडा!"

त्यांनी मुकाट्याने कोट उघडला. आत रुमाल, गोळ्या आणि आणखी रुमाल.

"बाईसाहेब, मी ते पान कशाला चोरू? मला ते हवंच आहे. आमच्याकडे कुत्रा पहिल्यांदा दिसतो तो पासष्ट सालच्या पुनर्मुद्रणात. कंपनीने पहिली गोष्ट जुन्याच पोशाखात नव्याने काढून घेतली आणि मध्ये कुत्रा घातला. आमचे लोक शपथेवर सांगतात. तुमचं म्हणणं, कुत्रा चाळीस सालातच होता. तसं असेल तर मी टोपी काढीन आणि घरी जाऊन झोपेन. आणि डॉक्टरबद्दल तर आमची तक्रारच नाही. त्याला उडवा, बुडवा, म्हातारा करा. फक्त मुखपृष्ठावर त्याच्या नावाचा झेंडा लावू नका."

"पान चोरीला गेलंय म्हटल्यावर," अँब्रोझ कोपऱ्यातून म्हणाला. कोट आता दोन्ही बाह्यांसकट अंगात होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि हीटरच्या शेजारी उभा राहून तो घामाने निथळत होता. "आज काही ठरवता येणार नाही, असं मला वाटतं. म्हणजे, वाटतंय खरं."

"ठरवता येईल," ऑगस्टा म्हणाली. "बसा सगळे. ओडेसा, तू आधी बस."

ओडेसाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती खरोखरच बसली.

"मी तुझी तीन वर्षं चौकटीच्या आतलं सगळं तपासलं आणि बाहेर एकदाही बघितलं नाही. चूक माझी. मागची-पुढची पानं बघ. पिनच्या भोकाभोवती गंजाचं तपकिरी कडं आहे. ओल्या हवेत वर्षानुवर्षं लोखंड कागदाला टेकून राहिलं, की ते कडं उमटतंच. मधल्या कागदावर ते नाही. म्हणजे तो त्या पिनांबरोबर म्हातारा झालेला नाही, नंतर आला. तो अरुंदही आहे. काझला वाटलं कडा छाटल्यात. पण छाटलेल्या पानाची चित्रं काठाला टेकतात, याला चारी बाजूंनी समास आहे. कागदच लहान अंकातला."

"साठनंतरचे अंक अरुंद झाले," काझिमिर पुटपुटला. "मी बघायला हवं होतं. देवा, बघायला हवं होतं."

"आणि ती पावडरची जाहिरात. टोलीडो, ओहायो, आणि पुढे पाच आकडे."

"पोस्टाचा झिप कोड. मग?" ओडेसा म्हणाली.

"चाळीस साली या देशात पाच आकडी झिप कोड कुठे होता? तो त्रेसष्टमध्ये आला. हा कागद पासष्टच्या त्या पुनर्मुद्रणातलाच."

ओडेसा पडद्याकडे बघत होती. कड्यावर झेपावलेला स्क्वॉल तिच्याकडे बघत होता.

"म्हणजे तो कुठेच गेला नव्हता," ती हळूच म्हणाली. "तो तेव्हा आलाच नव्हता."

६

मिस्टर ब्रँडनरनी नाकावरचा रुमाल काढला. "फार वाईट वाटलं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटलेलं दिसत होतं. "पण मग पान काढलं कुणी? ज्याने काढलं, त्याला हे आधीच ठाऊक असणार."

"ठाऊक होतं, आणि आज तुम्ही यायच्या आत ते नाहीसं व्हावं असं वाटत होतं." ऑगस्टाने चिमट्यातला तुकडा दिव्याखाली धरला. "हा मोडका पाय बघा. लोखंडाची बारीक तार एकदा वाकवली तर सहसा मोडत नाही. पुढे, मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे केली, की वाकते तिथे थकते आणि तुटते. वरची पिन वाचली, पण तिच्याही वळणावरचा गंज साफ झडून गेलाय. आणि उरलेल्या पानांवरच्या पिनच्या भोकांच्या कडा दोऱ्यासारख्या विसकटल्यात. चोराने पिना एकदा उघडल्या नाहीत. उघडल्या, पान काढलं, परत ठेवलं, पिना मिटल्या. मग पुन्हा उघडल्या. पुन्हा मिटल्या."

"असला कसला चोर?" काझिमिर म्हणाला.

"तेच म्हणते मी. तुझ्या हातून असं झालं नसतं, तू डोळे मिटूनही एका फेरीत काढशील. मिस्टर ब्रँडनरना अँब्रोझने दारात उभं राहून एकटं सोडलंच नाही, आणि एवढा खेळ करायला वेळ लागतो. ओडेसा काढणार असती, तर तिने काचेसकट काढलं असतं."

"हो," ओडेसा म्हणाली.

"चोरी करायला येऊन चोरी करावी की नाही यावर इतक्यांदा मत बदलणारा माणूस या इमारतीत एकच आहे. आणि तो उकाड्यात कोट घालून हीटरशेजारी उभा आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. अँब्रोझने वरचं बटण सोडलं. मग पुन्हा लावलं. मग एक दीर्घ श्वास घेऊन सगळी सोडली, आणि शर्टाच्या आत छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली. आत मधला कागद होता, किंचित ओलसर.

"फ्रीजमागे ठेवला होता आधी," तो म्हणाला. "मग वाटलं, ओल लागेल. मग छताच्या पंख्यावर. मग वाटलं, कुणी पंखा लावला तर?"

"मार्च महिन्यात?" काझिमिर म्हणाला.

"तुम्हाला कधी कळलं?" ओडेसाचा आवाज थंड होता.

"रविवारी. पेटी पुसायला घेतली, सहज उघडलं. खाजेच्या पावडरीची जाहिरात वाचून हसत होतो, आणि हसता हसता तो झिप कोड दिसला." अँब्रोझने कपाळ पुसलं. "तुला सांगायला दोनदा दारापर्यंत आलो, पोरी. तू म्हाताऱ्या डॉक्टरचं शेवटचं पान रंगवत होतीस. गात होतीस. म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, पानच नसलं तर कुणाला काही सांगायलाच नको. चोरी झाली की सगळं थांबतं. थांबलं की मग... बघता येतं."

"तुमचं ते बघणं!" ओडेसा उठली. "तीन वर्षं हेच ऐकतेय मी! शीर्षक काय? बघू. छापणार का? बघू. माझी पानं तुम्ही शर्टात घालून फिरता आणि मला वकिलाच्या अंगावर सोडता!"

"माझी हरकत नाही," मिस्टर ब्रँडनर म्हणाले आणि शिंकले.

७

वकिलाने बॅगेतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. तो आपण बरोबर आणला आहे याचाच त्यांना जरा संकोच वाटत असावा.

"कंपनीने मला एक प्रस्ताव देऊन पाठवलंय. वेळ आली तर द्या म्हणाले. कुत्रा तुम्ही वापरू शकता. आज आहे तसं पुस्तक सोमवारी छापा, मुखपृष्ठावर डॉक्टरचं नावही हवं तेवढं मोठं टाका. त्या बदल्यात मिस्टर गिडली फक्त एवढं लिहून देतील, की डॉक्टर बॅरोमीटर संपूर्णपणे ग्रँड मेरिडियनचा आहे. चाळीस सालचाही."

"तो तर सगळ्यांचा आहे," ऑगस्टा म्हणाली.

"आहे. म्हणूनच लिहून हवंय. लिहून दिल्याने कायदा बदलत नाही, पण उद्या कुणी दुसरं त्याला हात लावायला गेलं, तर हा कागद दाखवता येतो. लहान लोक घाबरतात." ते रुमालात बघत म्हणाले. "हे मी बोललो नाही."

"आणि सही नाही केली तर?"

"मग डॉक्टर तुमचाही, माझाही. कुत्रा आमचा. कुत्रा पाळायला कुणाची ना नाही, पण पांढरा, वाऱ्याबरोबर शेपटी फिरवणारा आणि स्क्वॉल नावाचा पाळता येणार नाही."

"दुसरा काढ ना गं," काझिमिर ओडेसाला म्हणाला. "तपकिरी. सुरेख काढशील."

"कुत्रं गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरं घेऊन येणारी माणसं मला आवडत नाहीत." ती खुर्चीवर परत बसली होती. तिने पडद्यावरची पानं पुढे सरकवली, स्वतःची: म्हातारा डॉक्टर बस थांब्यावर, म्हातारा डॉक्टर बर्फात, हातात रिकामा पट्टा. ऑगस्टाला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तशी तिला सवय नव्हती. तिने ओडेसाचा थंड झालेला कप उचलून त्यात गरम कॉफी ओतली.

"सही केली तर सोमवारी पुस्तक," ओडेसा अखेर म्हणाली. "माझा कुत्रा, माझी पानं, सगळं जसंच्या तसं. मला ते हवंय. खोटं कशाला बोलू? तीन वर्षं मी त्या कुत्र्याबरोबर राहिले."

ओडेसाने कप बाजूला सारला.

"पण ही गोष्ट मला सापडली कशी? डॉक्टर रस्त्यावर पडलेला होता म्हणून. कुणीही उचलावा असा. मी पंधरा वर्षांची असताना तो उचलला आणि वहीत काढला, तेव्हा मला कुणी विचारलं नाही, तू कोण म्हणून. आणि आता मीच दाराला कडी घालू?" तिने डोळे पुसले, रागाने. "मी पुन्हा काढीन. वर्ष लागेल. म्हातारा कुणाला तरी शोधतोय, हे खरंच आहे. कुणाला, ते मला नव्याने बघावं लागेल. पण अँब्रोझ, 'बघू'वर मी आता एक रेघही ओढणार नाही. या लोकांच्या समोर सांगा. सही करणार की नाही? आणि नाही केलीत, तर वर्षाने माझं पुस्तक छापणार की नाही?"

अँब्रोझने टेबलावरचा कागद बघितला. मग ऑगस्टाकडे बघितलं, काझिमिरकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मिस्टर ब्रँडनरनी सभ्यपणे शिंक दाबून धरली. अँब्रोझचे ओठ एकत्र आले, तो 'ब' सगळ्यांना दिसला, आणि ओडेसा ब्रश शोधू लागली. मग त्याने ओठ पुन्हा उघडले.

"नाही," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला असावा, कारण त्याने घसा खाकरून तेच पुन्हा म्हटलं. "सही नाही. पुस्तक छापणार, कुत्र्याशिवाय, एका वर्षाने, आणि उशीर झाला तर तुझ्यामुळे, माझ्यामुळे नाही. आणि मुखपृष्ठावर डॉक्टरचं नाव मोठ्या अक्षरांत टाकता येत नाही ना? मग तिथे ओडेसा प्रूइट टाका."